एक संहिता, तीन रंगमंच

नाटकाची संहिता एकच असते. पण ज्या गावी प्रयोग, तिथले रंगमंच आणि तिथले नेपथ्य यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या आणि बटणे यांचेही तसेच आहे. विंडोज, मॅकओएस व लिनक्स यांची बटणे दाखविण्याची रीत निरनिराळी. मग एकच प्रोग्रॅम तीनदा लिहावा काय? हा खटाटोप वाचावा म्हणून १९९२ साली एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संग्रह, रचण्यास आरंभ केला. तिचे आजचे नाव डब्ल्यूएक्सविजेट्स. ही लायब्ररी शक्यतो स्वतः बटण रंगवीत नाही. त्या त्या प्रणालीकडून तिचेच बटण मागून घेते. लिनक्सवर हे काम बहुधा जीटीके नावाची दुसरी लायब्ररी करते.

मूळ संहिता सी प्लस प्लस भाषेत असून ती सर्वांस खुली आहे. प्रोसेसरला मात्र यंत्रभाषाच कळते. म्हणून प्रत्येक प्रणालीसाठी तिचे वेगळे भाषांतर करावे लागते. यालाच कंपाइल करणे म्हणतात.

लिनक्सवर प्रथम एक वेगळा फोल्डर करून तेथून ‘कॉन्फिगर’ चालवावे. आवश्यक साहित्य आहे की नाही, हे तो तपासतो आणि कामाची यादी लिहून ठेवतो. त्या यादीबरहुकूम ‘मेक’ एकेक फाइल कंपाइल करून शेवटी सर्व तुकडे जोडतो.

प्रस्तुत लेखकाची पहिली संध्याकाळ ‘जीटीके सापडत नाही’ या एका तक्रारीतच गेली. समोर तर जीटीकेचे प्रोग्रॅम सुरळीत चालत होते! उलगडा नंतर झाला. प्रोग्रॅम चालविण्यास तयार लायब्ररी पुरते. नवा घडविण्यास तिच्यातील आज्ञांची ओळख करून देणाऱ्या हेडर फाइली लागतात, आणि त्या पुष्कळदा निराळ्या पॅकेजमध्ये असतात. ते बसविताच गाडी पुढे सरकली.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला याचे काय, असे कोणी विचारील. ‘कि’ लिहिताना आपण आधी ‘क’ टंकतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी उमटते. जीटीकेमागील पँगो आणि हार्फबझ या लायब्रऱ्या ही मांडणी करतात. त्यांची संहिताही खुलीच आहे. जोडाक्षर कोठे चुकले हे ओळखण्यास लिपीची जाण हवी, आणि ती तर आपल्यापाशी आहे. कंपाइल करण्यास शिकलो, तर चूक दाखवूनच थांबावे लागणार नाही. ती दुरुस्तही करता येईल.