धुळीला मिळालेले क्रमांक

आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात, श्वसनसंस्थेच्या प्रकरणात, जे६० ते जे७० असा अकरा क्रमांकांचा एक गट आहे. दगडाची पूड, कोळसा, ॲस्बेस्टॉस, कापसाची धूळ, बुरशी, पक्ष्यांची विष्ठा, विषारी वायू, किरणोपचार, इतकेच काय, ठसका लागून फुफ्फुसात उतरलेले अन्न... बाहेरून आलेल्या कशानेही फुफ्फुस बिघडले की त्याची नोंद इथे व्हायची. हा गट आजच्या रूपात यायला जवळपास शंभर वर्षे लागली. त्या वाटचालीकडे मागे वळून पाहिले तर एक गोष्ट सतत खटकते. क्रमांक उशिरा का होईना, मिळत गेले. रोग्याला ‘काम काय करता?’ असे विचारायचे मात्र राहून गेले.

हा प्रश्न नवा नाही. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारण्याचा आग्रह धरला. पण मृत्यूची कारणे मोजणाऱ्यांचे लक्ष तेव्हा साथींकडे होते. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तिची सर्वांत विस्तृत आवृत्ती १६१ शीर्षकांची होती. हीच आयसीडीची पूर्वज.

धुळीचा प्रश्न ऐरणीवर आणला तो सोन्याच्या खाणींनी. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसवरची परिषद भरवली ती जोहान्सबर्गला, खाणींच्या दारातच. १९३४ मध्ये संघटनेने भरपाईयोग्य व्यवसायजन्य रोगांच्या करारात सिलिकोसिसचा समावेश केला. पुढे १९४८ मध्ये आयसीडीची सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली आली आणि यादीत मृत्यूंबरोबर आजारही आले. नवव्या आवृत्तीत, म्हणजे १९७५ नंतर, ५०० ते ५०८ असे सलग नऊ क्रमांक या रोगांच्या वाट्याला आले. कोळसा ५००, ॲस्बेस्टॉस ५०१, सिलिका ५०२. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस ५०४ मध्ये बसला.

बिसिनोसिसची गोष्ट मुंबईच्या गिरणगावाला जवळची. ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यात कापूस पिंजताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे छातीत जायची. या रोगाची खूण मोठी विलक्षण आहे. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळून येते, दम लागतो. आठवडा पुढे सरकतो तसे जरा बरे वाटते. रोग बळावला की रोजच दम लागू लागतो. ब्रिटिश संशोधक शिलिंग यांनी १९५० च्या दशकात याच ‘सोमवारच्या छाती’वरून रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. क्ष-किरण फोटोत या रोगाची खास अशी खूण सहसा सापडत नाही. निदान होते ते कामगाराच्या सांगण्यावरून आणि पाळीच्या आधी व नंतर श्वासाची क्षमता मोजून. म्हणजे पुरावा गिरणीतच असतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. पुढच्या वर्षांत गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. ज्याला पुन्हा कार्डिंगला जायचेच नाही, त्याची सोमवारची छाती मोजणार कुठे? कारखाने अधिनियमाच्या आणि कामगार राज्य विमा कायद्याच्या यादीत बिसिनोसिस होता. पण गिरणी सुटलेला माणूस दवाखान्यात पोहोचला की केस पेपरवर ‘दमा’ किंवा ‘जुना ब्राँकायटिस’ लिहून मोकळे होणे सोपे होते.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूच्या गळतीने वेगळ्याच तऱ्हेचा घाला पडला. रासायनिक वायूंनी होणाऱ्या श्वसनविकारांसाठी नवव्या आवृत्तीत ५०६ हा क्रमांक होता, आणि त्यात तीव्र व दीर्घकालीन विकारांचे वेगळे पोटक्रमांकही होते. त्या रात्री रुग्णालयात आलेल्याचा आजार कशाने झाला, हे सांगावे लागत नव्हते. दहा वर्षांनी दम लागतो म्हणून आलेल्याचे तसे नसते. डॉक्टरने त्याचा संबंध वायूशी जोडून लिहिला तरच तो ५०६ मध्ये जातो, एरवी नुसत्या ब्राँकायटिसच्या गर्दीत हरवतो.

दहावी आवृत्ती मे १९९० मध्ये जागतिक आरोग्य सभेने संमत केली आणि १९९४ पासून ती वापरात आली. इथे गट चांगलाच फुलला. जे६३ मध्ये ॲल्युमिनियम, बेरिलियम, ग्रॅफाइट, लोखंड, कथील यांना वेगवेगळी जागा मिळाली. बिसिनोसिस जे६६.० झाला. जे६७ मध्ये बुरशी आणि पक्ष्यांमुळे होणारी फुफ्फुसाची ॲलर्जिक सूज आली. कुबट गवताने होणारे शेतकऱ्याचे फुफ्फुस जे६७.०, साठवून बुरसटलेल्या उसाच्या बगॅसमुळे होणारा बगॅसोसिस जे६७.१, पक्षी पाळणाऱ्यांचा जे६७.२. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आणि दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हा छातीचे डॉक्टर ज्या आजाराबद्दल बोलत होते तो हाच.

ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत मात्र एकच धूळ अनेक ठिकाणी विखुरली. फुफ्फुस निबर झाले तर जे६१, फुफ्फुसावरच्या आवरणात चट्टे उठले तर जे९२.०, मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला तर थेट दुसऱ्या प्रकरणात, सी४५. हा कर्करोग तर धुळीशी संबंध आल्यानंतर काही दशकांनी दिसतो. म्हणूनच २७ जानेवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दूरदृष्टीचा ठरतो. ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपा, असे न्यायालयाने बजावले.

सर्वांत जास्त गफलत होते ती जे६५ वर. सिलिकाची धूळ खाल्लेल्या फुफ्फुसाला क्षयाचा धोका अधिक, आणि दोन्ही एकत्र असले की आयसीडीच्या नियमाप्रमाणे नोंद क्षयाच्या क्रमांकात न जाता जे६५ मध्ये जाते. समजा, दगडखाणीत वीस वर्षे काढलेला माणूस रुग्णालयात दगावला. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म ४ वर, पहिल्या ओळीत ‘श्वसनक्रिया निकामी’ आणि त्याखाली ‘फुफ्फुसाचा क्षय’ एवढेच लिहिले, तर आकडेवारीत तो क्षयाचा बळी. ‘क्षय’च्या जागी ‘सिलिको-ट्यूबरक्युलोसिस’ लिहिले की तोच माणूस धुळीचा बळी ठरतो. रेकॉर्ड सेक्शनमधला कोडर हा शब्द मनाने घालू शकत नाही. डॉक्टरने लिहिले तेवढ्यावरच त्याला क्रमांक द्यावा लागतो. आणि २०२० मध्ये देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दाखला होता फक्त २२.५ टक्क्यांना. ज्यांना दाखलाच नाही, त्यांच्यापर्यंत कोडरही पोहोचत नाही.

हीच यंत्रणा मनात आणले तर किती चपळ होते, हेही आपण पाहिले. २०१९ मध्ये अमेरिकेत ई-सिगारेटमुळे तरुणांची फुफ्फुसे निकामी होऊ लागली, आणि त्यासाठी यू०७.० हा तातडीचा क्रमांक आला. शेजारचा यू०७.१ कोविडला मिळाला. भारताने ई-सिगारेटवर २०१९ मध्येच बंदी घातली. आता १ जानेवारी २०२२ पासून अकरावी आवृत्ती लागू आहे. तिच्यात मूळ क्रमांकाला जोड-क्रमांक लावून रोगाचे कारणही त्याच नोंदीत गुंफता येते.

तरी अकरावी आवृत्तीही केस पेपरवर नसलेली गोष्ट शोधून काढणार नाही. व्यवसायातून धुळीशी आलेल्या संबंधासाठी दहाव्या आवृत्तीत झेड५७.२ हा वेगळा क्रमांक होताच. तो लिहायला यंत्र लागत नाही, तपासणी लागत नाही, दोन मिनिटांची विचारपूस लागते. ती डॉक्टरांनी करावी, आणि केली नाही तर रोग्याने आपणहून सांगावे: आज काय करतो तेवढेच नव्हे, तर गिरणीत, खाणीत, फाउंड्रीत, पिठाच्या चक्कीवर पूर्वी किती वर्षे काढली तेही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मागून घ्या, वाचा, आणि माणसाचे काम त्यात कुठेच दिसत नसेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारा.