आठवडाभराची आडभिंत

पोटाचं ऑपरेशन होऊन वर्षं लोटतात. टाक्याचा व्रणही फिकट होतो. मग एका रात्री कळा सुरू होतात, पोट फुगतं, उलट्या थांबत नाहीत, वारा सरत नाही. आतडं आतल्या आत चिकटून अडलेलं असतं. सिझर झालेल्या, पिशवी काढलेल्या किंवा अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही हे होऊ शकतं. ठाणे जिल्ह्यात शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. पण पोट पुन्हा उघडायची वेळ आली तर अनेकदा कल्याण, उल्हासनगर किंवा ठाणे गाठावं लागतं. मुरबाडला रेल्वे नाही. २०१४ साली १०८ची रुग्णवाहिका आली, तरी माळशेजच्या पायथ्याच्या गावांपासूनची वाट लांबच राहिली.

शस्त्रक्रियेत पोटाचं आतलं नाजूक अस्तर खरवडलं, सुकलं की तिथे फायब्रिनचा चिकट थर साचतो. तो काही दिवसांत विरघळला तर ठीक; नाही तर त्यात तंतू भरतात आणि कायमचे पट्टे तयार होतात. अस्तर आठवडाभरात भरून येतं. तेवढे दिवस दोन पृष्ठभाग वेगळे ठेवायचे आणि मग स्वतः विरून जायचं, एवढंच काम चिकटणं रोखणाऱ्या पदार्थांकडून हवं होतं.

१९८९मध्ये अमेरिकेत इंटरसीड या सेल्युलोजच्या कापडाला मान्यता मिळाली. १९९६मध्ये सेप्राफिल्म आली: हायलुरोनिक आम्ल आणि सेल्युलोजचा पातळ पापुद्रा, जो पोटात दिवस-दोन दिवसांत जेल होतो. त्याच वर्षीच्या चाचणीत पापुद्रा लावलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्णांत टाक्याखाली काहीच चिकटलं नव्हतं. न लावलेल्यांत हे प्रमाण अवघं ६ टक्के होतं. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या स्कॉटलंडच्या अभ्यासाने दुखण्याचा आवाका दाखवला. पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक दहा वर्षांत सरासरी दोनदा रुग्णालयात परतले होते. कारण चिकटणं, त्याचा संशय किंवा त्यामुळे अवघड होऊ शकणारी नवी शस्त्रक्रिया.

पापुद्र्याऐवजी जेल वापरण्याच्या वाटेवर ठेचही लागली. २००१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं इंटरजेल २००३मध्ये कंपनीने मागे घेतलं; शस्त्रक्रियेनंतर उशिरा उद्भवणाऱ्या वेदना, ॲलर्जी आणि पुन्हा ऑपरेशनच्या तक्रारी आल्या होत्या. पोटात ठेवून बंद करायच्या वस्तूबद्दल इतकी सावधगिरी हवीच.

इकडे १९९०मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. देशातली तशी ती पहिली शस्त्रक्रिया. लहान छिद्रं, कमी हाताळणी, म्हणून चिकटणंही सहसा कमी. हातमोज्यांवरची पावडरही पोटात दाह करून चिकटण्याला निमित्त होते. २०१७पासून अमेरिकेत असे मोजे बंदच झाले. ग्रामीण रुग्णालयासाठी हे दोन बदल महागड्या पापुद्र्याइतकेच मोलाचे आहेत.

२००६च्या मोठ्या चाचणीत सेप्राफिल्मने आतडं अडण्याचं एकूण प्रमाण घटवलं नाही. दोन्ही गटांत ते १२ टक्केच राहिलं. मात्र चिकटल्यामुळे आतडं अडून पुन्हा ऑपरेशन लागलेले रुग्ण ३.४ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर आले. शहराच्या हिशेबात हा फरक किरकोळ वाटेल. पण सलाईन आणि नाकातली नळी तालुक्याच्या ठिकाणीही लावता येते, सर्जन मात्र रात्री शोधावा लागतो. म्हणून अशा पदार्थांची किंमत ठरवताना मुरबाड-कल्याण रस्ताही हिशेबात धरायला हवा. तोवर निदान डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहावं: कळा, उलट्या सुरू झाल्या आणि वारा बंद झाला तर थांबू नका, जुनं ऑपरेशन डॉक्टरांना सांगा.