वजन, जनुकं आणि कंबरेचा टेप

सिकलसेलसारखं सरळ गणित नाही

नंदुरबार जिल्ह्यात आनुवंशिक आजार म्हटलं की पहिलं नाव निघतं सिकलसेलचं. भिल्ल आणि पावरा समाजात त्याचे वाहक बरेच आहेत. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एका अक्षराचा बदल, एवढंच त्याचं मूळ. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के.

वजनाचं तसं नाही. एकाच जनुकातल्या बिघाडामुळे येणारा लठ्ठपणा असतो, पण फार क्वचित. भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक शरीरात तयारच होत नसेल, तर मूल कितीही जेवलं तरी भुकेलंच राहतं. बाकी सगळ्यांच्या वजनात शेकडो जनुकीय फरकांचा थोडा थोडा वाटा असतो. २०१८ पर्यंत अशा ९०० हून अधिक जागा सापडल्या होत्या. त्या सगळ्या मिळून माणसामाणसांतल्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाच्या) फरकाचा जेमतेम ६ टक्के उलगडा होत होता. यातली बरीच जनुकं मेंदूत काम करतात. भूक किती लागते, पोट भरल्याचं कधी कळतं, हे तिथे ठरतं.

एफटीओचे तीन किलो

यातलं सर्वांत गाजलेलं जनुक म्हणजे एफटीओ. २००७ मध्ये युरोपीय लोकांत असं दिसलं की आई-वडील दोघांकडूनही त्याची जोखमीची प्रत मिळालेल्या प्रौढांचं वजन, एकही न मिळालेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त असतं. तीनच किलो! ‘आमची जाडी खानदानी’ म्हणणाऱ्यांच्या बाकीच्या किलोंचा जाब एफटीओला विचारता येणार नाही. शिवाय अंगमेहनत करणाऱ्यांत हा परिणाम जवळपास पाव हिश्श्याने कमी भरतो.

पुण्यात दिसलेला चकवा

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ यांनी २००९ मध्ये दाखवलं, की आपल्याकडे एफटीओचा मधुमेहाशी घट्ट संबंध आहे आणि निव्वळ वाढलेल्या वजनाने तो पुरता उलगडत नाही. काटा फारसा न हलताही जोखीम वाढू शकते.

याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पुण्याच्या बाळांचे दंड आणि पोट बारीक. पण खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने मोजली, तेव्हा तिथली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. मांस कमी, चरबी राखलेली. यात एकट्या जनुकांचा हात नाही, आईच्या ताटाचाही आहे.

धडगाव ते शहादा

नंदुरबारच्या अंगणवाडीत चिंता वजन न वाढण्याची. दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली गेला की मूल ‘सॅम’मध्ये, म्हणजे तीव्र कुपोषितांत, धरतात. हेच मूल मोठं होऊन धडगावच्या डोंगरातून शहाद्याला किंवा सुरतेला बैठ्या कामाला लागलं, ज्वारीच्या भाकरीच्या जागी पाव-फरसाण आलं, तर जनुकं तीच राहतात आणि त्यांना मिळणारं अन्न बदलतं. पुण्याचे आकडे भिल्ल-पावरा समाजाला जसेच्या तसे लावू नयेत, पण बारीक अंगातही मधुमेहाची जोखीम लपू शकते, हा इशारा घ्यायला हरकत नाही.

लठ्ठपणाच्या जनुकीय चाचणीवर हजारो रुपये घालवण्यापेक्षा शिंप्याचा टेप बरा. श्वास सोडून कंबर मोजावी. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंमीच्या पुढे गेली, तर अंगाने बारीक दिसणाऱ्यानेही रक्तातली साखर तपासावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.