कानांचा कौल

फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘लेम’ या एमपीथ्री एन्कोडरची, म्हणजे ध्वनी एमपीथ्री स्वरूपात संक्षिप्त करणाऱ्या सॉफ्टवेअरची, ३.९९.५ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या पुढची ३.१०० ही आवृत्ती लोकांच्या हाती पडली ती थेट ऑक्टोबर २०१७ मध्ये. संगणकाच्या जगात, जिथे वर्षापूर्वीची वस्तूही जुनी म्हणून बाजूला सारली जाते, तिथे साडेपाच वर्षांचा हा कालखंड एखाद्या युगासारखाच. आणि त्या सबंध युगात हौशी ध्वनिमुद्रक, छोट्या नभोवाणी केंद्रांचे तंत्रज्ञ, जुन्या तबकड्यांचे संग्राहक आणि स्वतःचे गाणे घरच्या घरी मुद्रित करणारे कलावंत, ज्यांचे काम या सॉफ्टवेअरवाचून अडते असे सगळे, त्याच एका आवृत्तीवर निभावून नेत राहिले. मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि पुढे द्यावी अशा अटींवर स्वयंसेवकांनी फावल्या वेळात रचलेली ही कृती असल्यामुळे तिच्या नव्या आवृत्तीसाठी तगादा लावावा तरी कोणाकडे, हा प्रश्नच होता. अशा विलंबाला दिरंगाई म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ध्वनीचे संक्षेपण म्हणजे काय, ते कशावर आधारलेले आहे आणि त्यातली सुधारणा ही सुधारणाच आहे हे ठरवायचे कसे, याचा थोडा खोलात जाऊन विचार केला, तर या विलंबाचा एक मोठा हिस्सा विषयाच्या स्वभावातूनच येतो असे दिसते. दुसरा हिस्सा मात्र तसा नाही. आणि दोन्ही हिस्से एकाच खात्यावर मांडणे मला अन्यायाचे वाटते.

सीडीवर ध्वनी नोंदवताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचे माप घेतले जाते, प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांसाठी हे दोनदा होते. म्हणजे एका सेकंदाच्या संगीताला १४,११,२०० बिट लागतात. तेच संगीत एमपीथ्रीमध्ये १,२८,००० बिटांत बसवायचे तर अकरा भागांतले दहा भाग टाकून द्यावे लागतात. कोणते दहा भाग टाकले असता ऐकणाऱ्याला त्यांची उणीव भासणार नाही, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा कमी आणि श्रवणशास्त्राचा अधिक. मनुष्याचा कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ एवढ्या कंपनसंख्यांचे स्वर ऐकतो खरा, पण त्याची संवेदनशीलता सर्वत्र सारखी नाही. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास ती सर्वांत तीक्ष्ण असते आणि दोन्ही टोकांकडे मंदावत जाते. शिवाय एक प्रबळ स्वर चालू असता त्याच्या शेजारचा दुर्बल स्वर झाकला जातो, आणि हे झाकणे खालच्या स्वराकडून वरच्या स्वराकडे अधिक दूरवर पोचते. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या घटनेच्या अभ्यासाचा पाया घातला. जर्मन शास्त्रज्ञ एबरहार्ड झ्विकर यांनी १९६१ साली संपूर्ण श्राव्य क्षेत्र २४ पट्ट्यांत विभागून दाखवले. एकाच पट्टीत पडणारे स्वर एकमेकांना विशेष झाकतात. दूरच्या पट्ट्यांतील स्वर बहुतांशी आपापले अस्तित्व राखून असतात.

या ज्ञानाचा उपयोग एन्कोडर कसा करतो ते पाहण्याजोगे आहे. तो ध्वनीचा प्रवाह ११५२ मापांच्या चौकटींत, म्हणजे सुमारे २६ सहस्रांश सेकंदांच्या तुकड्यांत तोडतो, प्रत्येक तुकड्याच्या दोन अर्धांचे प्रत्येकी ५७६ कंपनघटकांत पृथक्करण करतो, आणि मग काटकसरी कारभाऱ्याने घरखर्चाच्या वहीत करावी तशी प्रत्येक घटकासाठी बिटांची तरतूद करतो. ज्या घटकाला बिट कमी मिळाले त्याचे मूल्य ओबडधोबड लिहिले जाते, आणि त्या ओबडधोबडपणातून एक सूक्ष्म खरखर उत्पन्न होते. ही खरखर टाळता येत नाही. ती शेजारच्या प्रबळ स्वराच्या आड राहील एवढीच व्यवस्था करता येते. साध्या, संथ प्रसंगी न वापरलेले बिट शिल्लक ठेवून ते पुढच्या गुंतागुंतीच्या प्रसंगी खर्च करण्याची मुभाही एमपीथ्रीच्या रचनेत आहे. खर्चाचा मेळ बसतो की नाही हे पाहणारे एक आवर्तन आणि खरखर मर्यादेत राहते की नाही हे पाहणारे दुसरे, अशी एकात एक गुंफलेली दोन आवर्तने दर चौकटीला फिरतात. सेकंदाला अडतीस चौकटी होतात. म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्यात असा निवाडा अकरा हजारांहून अधिक वेळा करावा लागतो.

यातले अवघड प्रसंग कोणते, हे संगीत ऐकणाऱ्याला सहज उमगेल. शांततेतून एकाएकी उठणारा आघात, मग तो स्पॅनिश कॅस्टनेटचा असो की तबल्यावरच्या थापेचा, एन्कोडरची कठोर परीक्षा घेतो. कारण खरखर पसरते ती पृथक्करणासाठी घेतलेल्या सबंध तुकड्यावर. आघात तुकड्याच्या शेवटी असला तरी ती त्याच्या आधीच्या शांततेतही उमटते, आणि थाप पडण्यापूर्वीच तिची एक पुसट, मळकट चाहूल लागते. आघातानंतर शंभर-दीडशे सहस्रांश सेकंदांपर्यंत कान मंद झालेला असतो, त्या काळातली खरखर खपून जाते. आघातापूर्वी मात्र कानाची अशी गाफील अवस्था काही थोड्या सहस्रांश सेकंदांचीच असते. म्हणून अशा जागी एन्कोडरला आघाताची पूर्वकल्पना घेऊन लांब तुकड्याऐवजी आखूड तुकडे निवडावे लागतात, आणि ही निवड क्षणभर चुकली तरी थापेची धार बोथट होते.

दुसरा प्रसंग याहूनही नाजूक. गोंगाट शुद्ध स्वराला जितका सहज झाकतो तितका शुद्ध स्वर गोंगाटाला झाकत नाही. भरगच्च वाद्यवृंदात बरीच खरखर लपून जाते, पण एकट्या गळ्यामागे तिला आडोसा राहत नाही. एमपीथ्रीच्या जनकांपैकी एक असलेले कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी जर्मनीत संशोधन करताना सुझान व्हेगा या गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यसाथीवाचून गायिलेले गीत चाचणीसाठी घेतले आणि तोवर समाधानकारक वाटणाऱ्या त्यांच्या पद्धतीने त्या आवाजाची दैना केली. पुढे त्याच गीताच्या कसोटीवर ती पद्धत पुन्हा पुन्हा घासली गेली. प्रयोगशाळेतील सर्व समीकरणे एका गायिकेच्या निखळ आवाजापुढे अपुरी ठरावीत आणि त्या अपुरेपणातूनच विद्येने पुढचे पाऊल टाकावे, हा या शास्त्राच्या इतिहासातील मला अत्यंत मनोज्ञ वाटणारा भाग आहे.

आता प्रस्तुत विषयाच्या गाभ्याकडे वळू. एमपीथ्रीचे आंतरराष्ट्रीय मानक १९९३ साली प्रसिद्ध झाले, पण त्या मानकाने बंधनकारक केले ते फक्त लिहिलेल्या बिटांचे स्वरूप आणि ते वाचून ध्वनी परत उभा करण्याची रीत. बिट कसे निवडावेत, कोणता स्वर राखावा आणि कोणता सोडावा, याविषयी मानकाने मार्गदर्शनपर परिशिष्टे दिली; हुकूम दिला नाही. वाचणाऱ्या यंत्राचा कायदा ठरला, लिहिणाऱ्याला मात्र पूर्ण मुखत्यारी मिळाली. या दूरदृष्टीचे फळ असे की १९९५ सालच्या वादनयंत्रालाही त्याच्या रचनेत तिळमात्र फेरबदल न करता वीस वर्षांनंतरच्या एन्कोडरने लिहिलेले, अधिक सुश्राव्य संगीत वाजवता येते. मानकासोबत नमुन्यादाखल एक संहिताही उपलब्ध होती, पण ती संथ होती आणि गुणवत्तेतही बेताची. १९९८ साली माइक चेंग यांनी या संहितेचा वेग वाढवण्यासाठी दुरुस्त्यांचे एक बाड तयार केले, तोच लेमचा आरंभ. पुढे मार्क टेलर यांनी सूत्रे हाती घेतली, श्रवणाचे नवे प्रतिमान त्यात बसवले, आणि मे २००० मध्ये त्या नमुना-संहितेचा अखेरचा अंशही काढून टाकून सर्व काही नव्याने लिहिलेले झाले.

परंतु मुखत्यारी मिळाली की जबाबदारीही येते. एन्कोडरमध्ये केलेला बदल हितकारक आहे की घातक, याचा निर्णय कोण देणार? यंत्राने मोजलेली त्रुटी इथे फारशी कामाची नाही, कारण आकड्यांनी मोठी दिसणारी त्रुटी प्रबळ स्वराआड निमूट राहते आणि आकड्यांनी नगण्य दिसणारी त्रुटी उघड्यावर येऊन कानाला बोचते. १९९८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाचे अनुकरण करून गुणवत्ता मोजणारी एक यांत्रिक पद्धत संमत केली आणि ती उपयुक्तही आहे. तथापि अखेरचा कौल माणसाच्या कानांचाच घ्यावा लागतो. आणि तो घेण्याची शास्त्रशुद्ध रीत वेळखाऊ आहे. ऐकणाऱ्याला मूळ ध्वनी, संक्षिप्त ध्वनी आणि या दोहोंपैकीच एक असलेला तिसरा, अनामिक ध्वनी ऐकवला जातो; तिसरा कोणता ते त्याने ओळखायचे. अशा सोळा प्रयत्नांत निव्वळ अंदाजाने बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चाराहून कमी असते, म्हणून बारा बरोबर आली तर त्याला खरोखरच फरक ऐकू आला असे मानायला आधार मिळतो. कान थकतो, लक्ष ढळते, म्हणून विश्रांती घ्यावी लागते. एक श्रोता पुरत नाही. हार्प्सिकॉर्ड, कॅस्टनेट, एकटा पुरुषी आवाज, असे निरनिराळे कठीण नमुने तपासावे लागतात. कॅस्टनेटसाठी केलेली सुधारणा हार्प्सिकॉर्डला मारक ठरली तर सगळी मांडणी पुन्हा उसकटून पहिल्यापासून बसवावी लागते. ही घाईने उरकण्याची गोष्ट नव्हे. अशा कारणाने कोणी मला दोन वर्षे थांबायला सांगितले तर मी आनंदाने थांबेन.

दुसऱ्या प्रकारच्या विलंबाविषयी असे म्हणवत नाही. मुद्दाम विकृत रचलेली ध्वनी-फाइल दिली असता प्रोग्रॅम कोसळावा किंवा स्मृतीची मर्यादा ओलांडून भलतीकडे लिहू लागावा, असे काही दोष या मधल्या काळात लेममध्ये आढळले. त्यांच्या दुरुस्तीला कानांच्या कौलाची गरज नव्हती. डेबियनसारख्या लिनक्स-वितरणाच्या सांभाळकर्त्यांनी आपल्या प्रतीपुरत्या दुरुस्त्या करून घेतल्या, पण मूळ प्रकल्पाची अधिकृत आवृत्ती तीच राहिल्यामुळे ज्यांनी ती थेट तिथून घेतली त्यांच्या पदरी दोषही आले. कारण उघड आहे: पगारी नोकर कोणी नाही, मुदत कोणी घालून दिलेली नाही, आणि ज्या चार-दोन माणसांना ही संहिता आतून ठाऊक आहे त्यांना उदरनिर्वाहाची निराळी कामे आहेत. शिवाय एमपीथ्रीवरील पेटंटांचे सावट दीर्घकाळ होते. त्यामुळे प्रकल्प केवळ संहिता प्रसिद्ध करी, चालवायला तयार प्रोग्रॅम देत नसे, आणि ऑडॅसिटीसारख्या लोकप्रिय ध्वनिसंपादकाच्या वापरकर्त्याला लेम स्वतंत्रपणे मिळवून जोडावे लागे. अमेरिकेतील अखेरची पेटंटे २०१७ साली संपली, या पेटंटांचे परवाने देणाऱ्या फ्राउनहोफर संस्थेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो व्यवहार बंद केला, आणि २०१९ मध्ये लेम ऑडॅसिटीतच समाविष्ट होऊन मिळू लागले.

या दोन विलंबांतला भेद ‘फ्लॅक’च्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. जॉश कोलसन यांनी आरंभलेली ही पद्धत ध्वनीतले काहीच टाकत नाही. मुळातला प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो, आणि मिळाला की नाही हे फाइलीतच नोंदवलेल्या मुद्रेशी ताडून संगणक क्षणार्धात सांगतो. इथे श्रोत्यांची पंचायत बसवावी लागत नाही. तरीही सप्टेंबर २००७ मधल्या १.२.१ या आवृत्तीनंतर १.३.० ही आवृत्ती यायला मे २०१३ उजाडला, आणि ती आली झिफ संस्थेच्या छत्राखाली नव्या हातांनी काम सावरल्यावर. कानांवाचून चालणाऱ्या कामालाही पावणेसहा वर्षे लागावीत, यावरून अशा प्रकल्पांत खरी चणचण कशाची असते ते कळते.

लेमची ३.१०० ही आवृत्ती अखेर आली तेव्हा तिच्यात ध्वनिगुणवत्तेचा नवा चमत्कार नव्हता. भर होता तो साचलेल्या दोषांच्या दुरुस्तीवर. नव्याण्णवनंतर चौथ्या मालिकेची अपेक्षा कोणी केली असेल, तर शंभर या क्रमांकानेच त्याला उत्तर दिले. कर्त्यांनी जुन्याच मालिकेत एक पायरी पुढे टाकली होती आणि तेवढेच सांगितले होते. मला यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. पुढे पाच वर्षे उलटून गेल्यावरही अधिकृत आवृत्ती म्हणून हीच प्रचारात राहिली.

ज्यांच्याजवळ जुनी ध्वनिमुद्रणे आहेत त्यांनी मात्र या प्रतीक्षेचा एक व्यावहारिक तपशील ध्यानी घ्यायला हवा. एन्कोडरने एकदा टाकून दिलेले बिट पुढची कोणतीही आवृत्ती परत आणू शकत नाही, आणि एमपीथ्रीवरूनच दुसरी एमपीथ्री केली तर दोन्ही वेळची खरखर एकत्र होते. उलट मूळ प्रत जशीच्या तशी राखली असेल, तर नवी आवृत्ती दहा वर्षांनी आली तरी तिचा पुरेपूर लाभ घेता येतो. आपल्याकडे आजही कितीतरी घरांत आणि संस्थांत कीर्तनांच्या, नाट्यपदांच्या, खासगी मैफलींच्या फिती संगणकावर उतरवण्याचे काम चालू आहे, आणि जागा वाचावी म्हणून त्या परस्पर एमपीथ्रीत उतरवून मूळ फीत निकालात काढली जाते. सीडीच्या दर्जाच्या एका तासाच्या ध्वनीला ६३५ मेगाबाइट लागतात. फ्लॅकमध्ये ते बहुधा निम्म्याच्या आसपास येतात. १,२८,००० बिटांच्या एमपीथ्रीत ते ५८ वर येतात. साठवणुकीच्या आजच्या दरांत हा फरक अगदी किरकोळ आहे. आधी फ्लॅकमध्ये उतरवून घ्यावे, त्या फाइलीची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, आणि रोजच्या ऐकण्यासाठी तिच्यावरून हव्या त्या एन्कोडरने, हव्या तेव्हा, हव्या तितक्या वेळा एमपीथ्री करून घ्यावी.