टेप आधी, मीटर नंतर

ब्रिटनमधल्या ईस्ट क्रॉयडन स्टेशनाबाहेर थांब्याला लागलेली डबलडेकर ‘फुस्स’ करून फुटपाथाकडे कलते, बाबागाडी आत आली की पुन्हा सरळ होते. शिवनेरीने मुंबई-पुणे केलेल्यांना ही हवा ओळखीची आहे. पोलादी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे (बसचे मेकॅनिक त्यांना बेलो म्हणतात) आणि त्यांत दाबाखालची हवा, एवढंच तंत्र. तेच छोट्या खासगी गाडीला बसवायचं तर साध्या संचात चार फुगे, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, डिकीत मावेल अशी टाकी, नायलॉनच्या नळ्या, हाताने दाबायचे व्हॉल्व्ह आणि प्रेशर मीटर येतात. घेणाऱ्याची नजर असते ती उभी गाडी किती खाली बसते यावर. पण कामाचा कस लागतो चालत्या गाडीच्या उंचीवर, आणि ती उंची संचातला मीटर सांगत नाही.

हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, म्हणून हिशेब करून पाहू. एका कोपऱ्यावर ३५० किलो भार आहे, तो थेट फुग्यावर येतो आणि फुग्याचा कामाचा व्यास १३ सेंटीमीटर आहे असं धरलं, तर क्षेत्रफळ होतं साधारण १३३ चौरस सेंटीमीटर. भाराला क्षेत्रफळाने भागलं की दाब येतो सुमारे ३७ पीएसआय. या भागाकारात उंची कुठेच नाही. मागच्या सीटवर दोन दणकट पाहुणे बसले की काटा वर चढतो आणि गाडी मात्र खाली जाते. आता कुणी म्हणेल, लोक मीटर बघूनच तर गाडी सेट करतात! करतात, आणि एकटा चालक व रिकामी डिकी असेल तर ते निभावतंही, कारण वळ्यांच्या फुग्याचं कामाचं क्षेत्रफळ तो ताणला की थोडं घटतं, दबला की वाढतं. तेवढा माग काट्यात उमटतो. सरळ नळकांडी फुग्यात मात्र ते क्षेत्रफळ बऱ्याच टप्प्यात जवळपास तेवढंच राहतं. तिथे काट्यावर विसंबणं म्हणजे वजनकाट्यावर उभं राहून स्वतःची उंची मोजणं.

म्हणून काम सुरू होतं ते टेपने. गाडी जॅकवर जाण्याआधी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून चिकटपट्टीवर लिहायचं, मग गाडी भक्कम स्टँडवर घ्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या क्लॅम्पने आवळून जुनी स्प्रिंग निघाली की फुगा जागेवर येतो, आणि तो पूर्ण फुगलेला असो की पूर्ण दबलेला, कशालाही घासता कामा नये. खरी गोम पुढे आहे. कंट्रोल आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळले, तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चालायची उंची ठरवून, चाकाखाली आधार देऊन, टेपवर तो आकडा आला की मगच बोल्ट शेवटचे आवळायचे. अलाइनमेंटही त्याच उंचीवर, हेडलाइटचा रोखही तिथेच. नळ्यांचं काम त्यामानाने सोपं, फक्त चिकाटीचं: कात्रीने कापलं तर नळीचं तोंड चेपतं, तिरकं कापलं तर सांध्यातली रबरी रिंग नीट धरत नाही. धारदार कटरने काटकोनात कापायची, सांध्याला साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुड्यांची वाट बघत बसायचं. कॉम्प्रेसरच्या वायरला फ्यूज बॅटरीजवळच हवा. आणि पैसे वाचवायला डावा-उजवा फुगा एकाच नळीवर जोडू नये. वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखीच कलंडते.

इतका खटाटोप कशाला, बुटक्या स्प्रिंगा घालून मोकळं व्हावं, हा आक्षेप रास्त आहे. त्या गळत नाहीत आणि स्वस्तही पडतात. पण ब्रिटनच्या १९९९ च्या नियमांनुसार रस्त्यावरचा गतिरोधक २५ ते १०० मिलिमीटर उंच असू शकतो, आणि क्रॉयडनजवळच्या थॉर्नटन हीथच्या वस्तीतल्या गल्ल्यांत बुटकी गाडी घेऊन फिरणाऱ्याला त्यातला प्रत्येक मिलिमीटर पोटाखाली ऐकू येतो. हवेवरची गाडी तेवढ्यापुरती उचलता येते. दुसरा आक्षेप भरवशाचा. त्यावर बसचा दाखला देतात, तो अर्धाच खरा: बस दिवसभर हवेवर चालते हे खरं, पण तिला भार बदलला की उंची आपोआप सावरणारा व्हॉल्व्ह असतो, शिवाय रात्री डेपो असतो. साध्या संचात ते काम चालकाकडे येतं, आणि त्याला ते आधी सांगितलं जात नाही ही माझी तक्रार.

कायद्याच्या बाजूने इथे ब्रिटनमध्ये गाडीत बदल करायला मुभा आहे, पण विमा कंपनीला कळवावं लागतं आणि एमओटी या वार्षिक तपासणीत फुग्याची गळती व हेडलाइटचा रोख दोन्ही बघतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पाहता उत्पादकाच्या मूळ नोंदीत न बसणारे बदल चालत नाहीत; तेव्हा हे वाचून पुण्यातल्या गॅरेजमध्ये धाव घेऊ नये. क्रॉयडनमध्येही पहिली थंडी येईपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. सप्टेंबरच्या दुपारी २० अंशांत भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे शून्यावर आली की सुमारे सात टक्के आक्रसते. कुठेही गळती नसते, मीटर कालचाच आकडा दाखवत असतो आणि मडगार्ड टायरकडे सेंटीमीटरभर सरकलेलं असतं.