सशाच्या पिल्लांचे वेळापत्रक

शाळेत सशांची जोडी आणली की दोन प्रश्न पडतात. पिल्ले केव्हा होतील? आणि ‘आता पुरे’ म्हणायची वेळ आली तर?

हा पाळीव ससा मूळचा युरोपातला. (आपल्या माळावरचा ससा वेगळा, त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात.) ब्रिटनच्या रानात या सशांची बहुतेक पिल्ले जानेवारी ते ऑगस्टमध्ये जन्मतात. दिवस मोठा होतो आहे हे मादीला कळते कसे? अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन स्रवते. रात्र लांब तेवढा हा स्राव अधिक वेळ चालतो. त्यावरून हायपोथॅलॅमसला ऋतू कळतो. तेथून पीयूषिकेला आणि पुढे बीजांडकोशाला निरोप जातो. इस्ट्रोजेन वाढले की मादी नराला जवळ येऊ देते. म्हणूनच युरोपातले ससेपालक संयोगाच्या आठवडाभर आधी दिव्यांचा उजेड आठ तासांवरून सोळा तासांवर नेतात.

पण एवढ्याने बीजांड सुटत नाही! सशाच्या मादीत ते आपोआप सुटतच नाही. संयोग झाला की मज्जातंतूंमार्फत मेंदूला खबर मिळते, पीयूषिकेतून एल.एच. या संप्रेरकाचा लोंढा येतो आणि दहा-बारा तासांनी बीजांडे बाहेर पडतात. याच गुणावर 1931 साली अमेरिकेत फ्रीडमन यांनी गर्भनिदानाची चाचणी बसवली. स्त्रीची लघवी नरापासून दूर ठेवलेल्या मादी सशाला टोचायची आणि दोन दिवसांनी बीजांडकोश पाहायचे. बीजांडे सुटलेली दिसली तर स्त्री गरोदर. चाचणीचा निकाल काहीही लागो, ससा बहुधा मारलाच जाई.

आता आपल्याकडे पाहू. लंडनला सर्वांत लहान दिवस सुमारे आठ तासांचा, तर मोठा साडेसोळा तासांचा. मुंबईत हेच आकडे अकरा आणि सव्वातेरा. (विद्यार्थ्यांना पंचांगातून आपल्या गावचे आकडे काढू द्यावेत.) तेव्हा ‘ससे वसंतात वितात’ हे इंग्रजी पुस्तकातले वाक्य आपण जसेच्या तसे फळ्यावर लिहू नये. इथे दिवसापेक्षा उन्हाळा अधिक बोलतो: तीस अंशांवरच्या उकाड्यात नराची प्रजननक्षमता घटते.

राहिला दुसरा प्रश्न. मादी सुमारे 31 दिवसांनी विते, आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून नराचा पिंजरा ती विण्याआधीच वेगळा करावा.