मर्यादित खर्चात लघुव्यास रायफलीची अचूकता

तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारांत वापरल्या जाणाऱ्या ५.६ मिलिमीटर व्यासाच्या रायफलीपुढे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटरचे असते. गोळीचा वर्तुळाला झालेला स्पर्शही ग्राह्य असल्याने गोळ्यांचे मध्यबिंदू १६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात राहिल्यास दहा गुण मिळतात. सबब रायफल टेकूवर स्थिर ठेवून तिचा विखुरलेपणा मोजणे हे सुधारणेचे पहिले पाऊल होय.

नवोदित नेमबाज प्रथम नव्या नळीचा विचार करतो. हा खर्च बहुधा अनाठायी ठरतो. एकाच कंपनीच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीतून भिन्न परिणाम देतात, कारण गोळीच्या वेगातील किरकोळ तफावतही ५० मीटरवर उभा विखुरलेपणा वाढविते. म्हणून निरनिराळ्या लॉटची थोडी काडतुसे झाडून पाहावीत आणि अनुकूल लॉट एकदम खरेदी करावा. त्यानंतर दस्त्याची लांबी व गालाचा आधार नेमबाजाच्या शरीराला जुळवून घ्यावा. यंत्रणा दस्त्याला जोडणारे स्क्रू प्रत्येक वेळी समान घट्ट असावेत. शस्त्राची दुरुस्ती वा रूपांतर मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते.

वसई-विरारच्या खाऱ्या, दमट हवेत गंज हा वेगळाच प्रश्न. तेलाचा हलका हात पुरेसा असतो. नळी मात्र मागील बाजूने पुसावी. पुढून सळई घातल्यास तोंडाची कड झिजते आणि गोळी भरकटू लागते.